कुठं बसायचं, किती द्यायचे?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी तुमची बचत गटांची ताई बोलतेय. आज हप्त्याबद्दल बोलणार नाही आणि हिशेबाच्या वहीबद्दलही नाही. आज बसायच्या जागेबद्दल बोलायचं आहे. हातातलं काम चालू द्या, भाकरी तव्यावर असेल तर ती करपू देऊ नका. कान तेवढा इकडं असू द्या.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. गेल्या पौषात आमच्या गावात शाळेच्या पटांगणावर मुलींचे कबड्डीचे सामने झाले. आठ गावांचे आठ संघ होते. आयोजन आमच्या ग्रामसंघाचं, म्हणजे बायकांचंच. प्रवेश सगळ्यांना फुकट. खुर्च्या मी स्वतः मांडल्या. पुढं पाहुण्यांसाठी दोन सोफे, त्यामागं पन्नास खुर्च्या, बाकी सगळी मोकळी जागा. "बायकांनी मागं बसावं" असं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. पुरुष मंडळी चार वाजताच येऊन खुर्च्यांवर बसली. बायका धारा काढून, भाकऱ्या थापून, पोरांना तयार करून आल्या तेव्हा खुर्च्या भरलेल्या होत्या. मग कुणी भिंतीला टेकून उभी राहिली, तर कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली.

दुसऱ्या दिवशी एका खेळाडूची आई मला पाणवठ्यावर भेटली. ती म्हणाली, "ताई, माझ्या पोरीनं पहिल्यांदाच पकड केली म्हणं. लोक ओरडल्यावर मला कळलं. मला निस्त्या टोप्या दिसत हुत्या." तिचा सूर तक्रारीचा नव्हता, हसत हसत बोलली ती. पण मला रात्री झोप लागली नाही. सामने मुलींचे, आयोजन बायकांचं, आणि मुलीच्या आईला दिसल्या त्या टोप्या. मांडणी माझी होती, दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती.

यंदा पुन्हा सामने आहेत. खर्च वाढलाय, म्हणून तिकीट लावायचं ठरलं. आणि तिथंच भांडण लागलं. एक म्हणाली, सगळ्यांना एकच दर ठेवा. दुसरी म्हणाली, बायकांना फुकट सोडा. तिसरीचं म्हणणं, पुढच्या खुर्च्या महाग करा, ज्याच्याकडं पैसा आहे तो बसेल. दोन बैठका झाल्या, चहाची दोन आधणं संपली, पण निर्णय काही होईना.

अशात आमच्या गटातल्या आक्कांचा मोबाइलवर निरोप आला. आक्का सध्या अमेरिकेत आहेत, लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ त्यांची लेक-जावई राहतात. जावयांनी त्यांना बेसबॉलचा सामना दाखवायला नेलं होतं. आक्कांचा निरोप असा होता: "अगं, हितं एकाच खेळाला सतरा दर हायती. उन्हात बसायचा येगळा, सावलीत बसायचा येगळा. मंगळवारचा येगळा, शनिवारचा येगळा. आणि भाईर जाळीतून बगायचं फुकाट!"

आम्ही तो निरोप बैठकीत तीनदा ऐकला. मग मी आक्कांना रोज काहीबाही विचारायला लागले. त्यांनी सांगितलं ते ऐकलं, बाकीचं मी वाचून काढलं. ते आज तुम्हाला सांगते. बेसबॉल आपल्याला खेळायचा नाही. पण जागेला दर कसा लागतो, हे त्या मैदानाइतकं उघड दुसरीकडं क्वचितच दिसेल.

आधी मैदान डोळ्यापुढं आणा. क्रिकेटचं मैदान गोल, आख्ख्या भाकरीसारखं. बेसबॉलचं मैदान म्हणजे चतकोर भाकरी. चतकोराचं जे टोक, तिथं फलंदाज उभा राहतो. तिथून दोन सरळ कडा निघतात आणि समोर लांबवर गोल कड असते. त्या गोल कडेच्या पलीकडं चेंडू हवेतून गेला की आपल्या षटकारासारखं, लोक उठून ओरडतात. दोन्ही संघांचे नऊ-नऊ डाव होतात. दोन-तीन तास तरी जातात.

आता सांगा, तुम्ही कुठं बसाल? टोकाच्या मागं बसलात तर फलंदाज अगदी पुढ्यात आणि येणारा चेंडू समोरून दिसतो. ही जागा सगळ्यात महाग. सरळ कडांच्या बाजूनं बसलात तर त्याखालोखाल दर. जितकं वर चढाल आणि टोकापासून जितकं लांब जाल, तितका दर उतरत जातो. आणि गोल कडेच्या पलीकडं ज्या बैठका असतात, त्या बहुतेक मैदानांत स्वस्तातल्या. त्यांना तिकडं ब्लीचर्स म्हणतात. आपण कापड ब्लीच करतो ना, तोच शब्द. पूर्वी या बैठका म्हणजे उघड्यावरच्या लाकडी फळ्या असायच्या. ना डोक्यावर छप्पर, ना पाठीला टेकण. उन्हानं फळ्यांचा रंग उडून जायचा, म्हणून हे नाव पडलं. आक्का म्हणाल्या, "मंजी आपल्या एस्टी स्टँडावरचा बाक." अगदी तसंच.

पण नुसतं लांब-जवळ एवढंच नाही. दर ठरायला आणखी गोष्टी आहेत. पहिली सावली. बेसबॉलच्या नियमावलीत मैदान कोणत्या दिशेला असावं, याची शिफारस आहे. टोकापासून मैदानाच्या मध्याकडं जाणारी रेघ साधारण पूर्वेकडं, किंचित उत्तरेला झुकलेली असावी, असं त्यात म्हटलंय. कारण साधं आहे. दुपारी सूर्य पश्चिमेकडं कलतो, तो फलंदाजाच्या डोळ्यांत येऊ नये. मग ऊन कुणाच्या डोळ्यांत येतं? समोर ब्लीचर्समध्ये बसलेल्यांच्या, कारण त्यांचं तोंड पश्चिमेकडं. आणि सावली आधी कुठं पडते? टोकाच्या मागं आणि तिथल्याच एका कडेला. जावयांनी स्वस्त पडतं म्हणून दुपारच्या सामन्याची ब्लीचर्सची तिकिटं काढली होती. आक्का नऊ डाव डोळ्यांवर पदर धरून बसल्या. दर कमी का, हे कपाळावरच्या घामानं सांगितलं, असं त्या म्हणाल्या.

दुसरी गोष्ट पायऱ्या. ओरॅकल पार्क नावाचं ते मैदान २००० साली सुरू झालं. अगदी खाडीच्या काठावर आहे, आणि त्यात एक्केचाळीस हजारांच्या आसपास माणसं बसतात. एवढी माणसं एका पातळीवर मावणार कशी? म्हणून मजल्यावर मजले. वरच्या मजल्यावरची जागा स्वस्त आणि तिथून खाडीचं पाणीही दिसतं. पण गुडघे दुखत असतील तर त्या स्वस्ताईचा काय उपयोग? तिकीट काढताना दराबरोबर रांग क्रमांक बघावा लागतो. रांग जितकी वरची, पायऱ्या तितक्या जास्त.

तिसरी गोष्ट जीवाची. बेसबॉलचा चेंडू कठीण असतो आणि फलंदाजाच्या बॅटला लागून तिरका, सुसाट प्रेक्षकांत येतो. पूर्वी टोकाच्या मागं तेवढी जाळी असायची. कडेच्या महागड्या जागा उघड्याच. तिकिटाच्या मागं बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, की चेंडू लागला तर जबाबदारी प्रेक्षकाची. लोकांना, त्यात लहान मुलांनाही, दुखापती झाल्या. मग २०१८ च्या हंगामापासून तिथल्या तीसही मोठ्या संघांच्या मैदानांवर जाळ्या बऱ्याच पुढंपर्यंत लावल्या गेल्या. तरी त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये जाळीच्या वरून आलेला चेंडू एका वयस्कर बाईंना लागला आणि काही दिवसांनी त्या गेल्या. त्यानंतर जाळ्या आणखी वाढवायचं ठरलं. तेव्हा पुढची जागा म्हणजे चांगली जागा, हेही नेहमी खरं नसतं. आणि तिकिटाच्या मागं काय छापलंय ते वाचायचं. आपण कर्जाचा कागद वाचायला शिकलो ना, तसंच.

आता आक्कांचा मंगळवार आणि शनिवार. ही गंमत ऐका. जागा तीच, खुर्ची तीच, पण दर रोज वेगळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स या संघानं २००९ साली दोनेक हजार जागांवर हा प्रयोग केला आणि २०१० पासून सगळ्या मैदानाला लावला. समोरचा संघ कोणता, वार कोणता, हवा कशी, चेंडू टाकणारा खेळाडू नावाजलेला आहे का, तिकिटं किती खपली, हे सगळं बघून संगणक दर खाली-वर करतो. एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. ८१ वेळा मैदान भरायचं तर मंगळवारी गिऱ्हाईक ओढायला दर पाडावाच लागतो. शनिवारी लॉस एंजेलिसचा जुना वैरी संघ आला, की दर चढतो.

तुम्ही म्हणाल, यात नवल काय? आपली मेथीची जुडी सकाळी वीसला आणि सांज झाली की दहाला. खरंय. पण एक फरक आहे. बाजारात मेथी किती आलीय हे घेणारीलाही दिसतं आणि विकणारीलाही. तिथं संगणकाला सगळं दिसतं, घेणाऱ्याला फक्त आकडा दिसतो. म्हणून जावई दोन-तीन वेळा वेगवेगळ्या दिवसांचे दर बघतात आणि आधल्या दिवसाच्या सामन्याचा वार धरतात.

आणखी एक फसगत असायची. दर दाखवायचा एक, आणि पैसे भरताना वर सेवा शुल्क, अमुक शुल्क, तमुक शुल्क. शेवटी आकडा भलताच. यावर तिथल्या केंद्र सरकारनं नियम केला. मे २०२५ पासून कार्यक्रमाच्या तिकिटाचा, सगळी सक्तीची शुल्कं धरून होणारा, पूर्ण दर पहिल्यापासून दाखवावा लागतो. मला हे फार आवडलं. कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे लोक दारात येतात तेव्हा आपण हाच प्रश्न विचारतो ना, की "दादा, सगळं धरून किती भरायचे ते एकदाच सांगा."

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, ठीक आहे, ज्याचा जसा पैसा तशी त्याची जागा. पण बेसबॉलच्या इतिहासात पैशापलीकडच्या तीन गोष्टी मला सापडल्या. आमची बैठक खऱ्या अर्थानं त्यांच्यामुळं पुढं सरकली.

पहिली गोष्ट सेंट लुईस शहरातली. तिथं स्पोर्ट्‌समन्स पार्क नावाचं मैदान होतं. १९४४ पर्यंत तिथं काळ्या प्रेक्षकांना मैदानाच्या उजव्या टोकाच्या पॅव्हेलियनमध्येच बसावं लागे. खिशात पैसे असले तरी चांगल्या जागेचं तिकीट त्यांना मिळत नसे. १९४४ साली ही बंदी उठली. मैदानात उतरायची बंदी त्यानंतर तीन वर्षांनी मोडली, १९४७ साली, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू ब्रुकलिनच्या संघाकडून खेळला तेव्हा. हे ऐकून बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही. कुणी पारावर बसायचं आणि कुणी खाली उभं राहायचं, हे आपल्या गावांनीही ठरवलेलं होतं. काही ठिकाणी अजून मोडलेलं नाही. आमच्याच गटातली एक बाई हळूच म्हणाली, "दर लावला तर निदान पैसे देऊन पुढं तरी बसता येतंय." तिनं हे का म्हटलं, ते सगळ्यांना समजलं.

दुसरी गोष्ट बायकांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथं 'लेडीज डे' असायचे. त्या दिवशी बायकांना फुकट किंवा कमी दरात प्रवेश. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी अट अशी, की बरोबर पुरुष पाहिजे. मालकांचा हिशेब असा, की बायका आल्या की शिवीगाळ कमी होईल, मैदानाला घरंदाजपणा येईल, आणि बाईबरोबर येणारा पुरुष तिकीट काढेल. म्हणजे सवलत बाईला आणि फायदा गल्ल्याला. पण बायकांनी काय केलं बघा. १९३० च्या जून महिन्यात शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानावर लेडीज डेला तीस हजारांवर बायका आल्या. एकूण गर्दी एक्कावन्न हजारांच्या वर गेली. बायका काही घरंदाजपणा आणायला आल्या नव्हत्या. त्यांना खेळ बघायचा होता.

हे सांगितल्यावर "बायकांना फुकट सोडा" म्हणणारी आमची मैत्रीण विचारात पडली. म्हणाली, "मंजी फुकाट सोडून परत भिताडाकडंच हुभं करायचं आसंल, तर त्याचा काय उपेग?" तिचा मुद्दा बरोबर होता. गेल्या वर्षी सगळ्यांनाच फुकट होतं. आयांना दिसल्या टोप्याच.

तिसरी गोष्ट अपंगांची. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणं चाकाच्या खुर्चीवर येणाऱ्या माणसासाठी मैदानात वेगवेगळ्या भागांत आणि वेगवेगळ्या दरांच्या जागा ठेवाव्या लागतात. एका कोपऱ्यात सगळ्यांना कोंबून चालत नाही. त्या जागेचा दर त्याच भागातल्या इतर जागांपेक्षा जास्त घेता येत नाही. सोबतच्या माणसालाही शेजारी जागा मिळते. पुढचे लोक उठून उभे राहिले तरी त्याला खेळ दिसला पाहिजे, हाही विचार त्यात आहे. आपल्याकडं कार्यक्रमाला आजी आली की आपण म्हणतो, "आजी, तुम्ही तिथं कडेला बसा निवांत." कडेला निवांतपणा असतो, पण दिसत काही नाही.

आणि आता आक्कांची जाळी. ओरॅकल पार्कच्या खाडीकडच्या भिंतीला कमानी आहेत. बाहेर पाण्याच्या कडेनं लोकांना चालायची वाट आहे. त्या कमानींना जाळी लावलीय आणि जाळीतून मैदान दिसतं. तिथं उभं राहून कुणीही फुकट सामना बघावा. कुणी हाकलत नाही. गर्दी झाली तर मात्र नियम आहे. तीन डाव बघून झाले, की मागं थांबलेल्यांना पुढं येऊ द्यायचं. आक्का म्हणाल्या, "माजी नात पोटाशी बांधून एक बाई तितंच हुभी हुती, आमची लेक. ती म्हनली, आई, तिकिटापरास हितनंच बरं दिसतंय." लेकीनं तान्ह्या बाळामुळं तिकीट काढलंच नव्हतं. ती बाहेरून बघत होती. तीन डावांनंतर मागच्याला जागा करून दिली आणि पुन्हा रांगेत लागली.

मैत्रिणींनो, या तीन डावांच्या नियमानं आमचा तिढा सोडवला. तो कसा, ते सांगते. म्हणजे तुमच्या गावात हळदी-कुंकू, नाटक, भजन स्पर्धा, काहीही असलं तरी तुम्हाला त्यातलं काही घेता येईल.

आम्ही पहिल्यांदा पटांगणात गेलो, दुपारी चार वाजता. ज्या वेळी सामने असतात त्याच वेळी. ऊन कुठून येतं ते बघितलं. गेल्या वर्षी खुर्च्या पूर्वेला होत्या, तोंड पश्चिमेला, म्हणून सगळे डोळे बारीक करून बसले होते. यंदा बैठक पश्चिमेच्या कडेला केली, ऊन पाठीवर. याला एक रुपयाही लागला नाही.

मग आम्ही सगळ्याजणी आळीपाळीनं सगळ्यात वाईट जागी जाऊन बसलो. मागच्या कोपऱ्यात, सोफ्याच्या मागं. तिथून काय दिसतं ते बघितलं. काही दिसत नव्हतं. म्हणून सोफे मधून काढून एका बाजूला नेले. पाहुण्यांना तिथूनही खेळ दिसतो, आणि मागच्यांची वाट अडत नाही. एक-दोन जणांना राग येईल. येऊ द्या, आम्ही चहा जास्तीचा देऊ.

बसायची उतरंड उलटी केली. मैदानाला लागून सतरंज्या, त्यामागं खुर्च्या. खाली बसणारा पुढं आणि उंच बसणारा मागं, म्हणजे सगळ्यांना दिसतं. सतरंजीचं तिकीट २० रुपये, खुर्चीचं ५० रुपये. एकाच तिकिटावर दोन्ही दिवस. अंतिम सामन्याला दर वाढवायचा, अशी एक सूचना आली होती. ती आम्ही घेतली नाही. एकाच सतरंजीवर शेजारणी बसणार, एकीनं वीस दिले आणि दुसरीनं चाळीस, तर वर्षभर तेच ऐकावं लागेल. दर मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहायचा, वर एक पैसा घ्यायचा नाही.

आता हिशेब. मॅटचं भाडं ६,००० रुपये, दिवे आणि जनरेटर ५,०००, पंच आणि प्रथमोपचार ३,०००, बक्षिसं ४,०००. एकूण १८,०००. जमा बाजू अशी: १०० खुर्च्यांचे ५,०००, सतरंजीच्या ३५० जागांचे ७,०००, आणि खाऊचे व गटांच्या मालाचे १२ स्टॉल, प्रत्येकी २५०, म्हणजे ३,०००. झाले १५,०००. राहिलेले ३,००० ग्रामपंचायतीनं द्यायचं कबूल केलंय. पण सतरंजी निम्मीच भरली तर ३,५०० रुपये कमी पडतील. म्हणून तिकिटं गटागटांत आधीच विकायची आणि आठवडाभर आधी आकडा मोजायचा. आकडा कमी असेल तर सामने दुपारी लवकर सुरू करून दिवसाउजेडी संपवायचे, दिव्यांचे ५,००० वाचतील. खर्च आधी मांडला, जागा मोजल्या, मग दर काढला. आमच्या भांडणात आम्ही हे उलटं करत होतो. दर आधी, आणि बाकी सगळं नंतर.

गुडघेदुखीच्या आज्यांसाठी आणि कुबड्या-काठी घेऊन येणाऱ्यांसाठी दहा खुर्च्या फाटकाजवळ, सपाट जागेवर, पहिल्या रांगेच्या टोकाला ठेवल्यात. दर सतरंजीचाच, २० रुपये. सोबतचं माणूस शेजारी बसेल.

आणि सगळ्यात पुढं, अगदी रेघेजवळ, चोवीस जणींची एक सतरंजी वेगळी राखलीय. ती विकायची नाही. ज्या दोन संघांचा सामना चालू, त्या संघांतल्या बारा-बारा मुलींच्या आया तिथं बसणार. सामना संपला की उठायचं आणि पुढच्या संघांच्या आयांना जागा द्यायची, जाळीतून बघणाऱ्या लोकांसारखं. ज्या मुलीला आई नाही, तिची आजी, मावशी, बहीण, जे कुणी तिचं असेल ते. आणि पुरुषांनी विचारलं, "आमी बापानं काय करायचं?" तर बापानं वीस रुपये द्यायचे. ते वीस रुपयेही मुलीच्याच खेळाला लागणार आहेत.

कुंपणाबाहेरून कुणी बघत असेल तर त्याला हाकलायचं नाही, असंही ठरलंय. ज्याच्याकडं वीस रुपये नाहीत, त्याच्या पोरानंही खेळ बघितला पाहिजे. कोण जाणे, पुढच्या वर्षी तीच पोर मॅटवर असेल.

आक्कांना हे सगळं कळवलं. त्या पावसाळ्याच्या आधी परत येतायत. त्यांनी विचारलं, "माजी जागा कुटं?" मी म्हटलं, आक्का, तुमची नात खेळायला लागेपर्यंत वीस रुपयांच्या सतरंजीवर. त्या हसल्या. म्हणाल्या, "सावलीत हाय न्हवं? मंग चालतंय."

आणि ती टोप्या बघणारी आई. तिच्याकडं मी स्वतः गेले आणि गेल्या वर्षीची चूक माझी होती असं सांगितलं. तिला यंदाची जागा दाखवायला पटांगणात घेऊन गेले. ती रेघेजवळ बसली, मैदानाकडं बघितलं, आणि म्हणाली, "हितनं तर पोरीचा शवास बी ऐकू यील."

मैत्रिणींनो, तुमच्या गावात पुढचा कार्यक्रम असेल तेव्हा एवढंच करा. आदल्या दिवशी, त्याच वेळेला, सगळ्यात मागच्या कोपऱ्यात जाऊन बसा. तिथून काय दिसतं ते बघा. मग खुर्च्या मांडा, आणि मग दर ठरवा. तुमच्याकडं काही वेगळी युक्ती असेल तर आम्हाला कळवा, पुढच्या वेळी ती इथून सगळ्यांना सांगू.

येते. नमस्कार.